सुईणबाईंची गोळी

डॉक्टरांची आणि माझी ओळख माझ्या थोरल्या जाऊबाईंमुळे झाली. जाऊबाईंनी आयुष्यभर सुईणपण केले. उतारवयात त्यांना स्मृतिभ्रंशाने गाठले, घरातल्या माणसांचे हात कमी पडू लागले, आणि अखेर त्यांना वृद्धनिवासात ठेवावे लागले. त्या निवासात दर आठवड्याला जे डॉक्टर येत, ते हेच. पुढे लिहिले आहे त्यातले थोडे मी स्वतः पाहिले आणि बरेचसे डॉक्टरांनी जाऊबाईंच्या खाटेशी बसून मला सांगितले.

डॉक्टर काही नावाजलेले नव्हते. एका वळणावरच्या इमारतीत तळमजल्याला दवाखाना आणि वरच्या मजल्यावर बिऱ्हाड. दवाखान्यात एक लांब बाक होता, त्यावर खोकणारी, कण्हणारी आणि नुसतीच बोलायला आलेली माणसे बसत. त्यांची पत्नी म्हणे, "तुमच्या पेशंटना बाकावर बसून एकमेकांची गाऱ्हाणी ऐकूनच बरं वाटतं. औषध आपलं नावाला." डॉक्टर यावर रागावत नसत, कारण त्यांनाही ते बरेचसे खरे वाटे.

वृद्धनिवासाचे काम त्यांच्याकडे आपण होऊन चालत आले. आधीचे डॉक्टर दुसरीकडे गेले होते. काम सोपे होते. मेट्रनबाईंच्या टेबलाशी उभे राहायचे, चहा घ्यायचा आणि मागच्या विभागातल्या लोकांची औषधे पुढे चालू ठेवायची. मागच्या विभागात स्मृती हरवलेली माणसे राहत. त्याचे दार बाहेरून बंद असे. तिथल्या बहुतेकांना दिवसातून दोनदा, दुपारी आणि संध्याकाळी, एक गोळी मिळे. सेविका तिला शांतीची गोळी म्हणत. ती घेतली की माणूस फारसा ओरडत नसे, भटकत नसे, आणि जेवताना मान खाली पडलेली असे.

एकदा अशीच सगळ्यांची औषधे लिहून झाल्यावर डॉक्टरांनी एका आजोबांविषयी सहज विचारले, "हे कसे आहेत आता?"

मेट्रनबाईंनी चष्मा कपाळावर नेला. "अगबाई! हे तर गेले की हो मागेच. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं."

दोघेही हसले. मेट्रनबाईंनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. परंतु घरी जाताना डॉक्टरांना ते हसू टोचू लागले. जिवंत असताना आणि मेल्यानंतर ज्या माणसाच्या औषधात काहीही बदल करावा लागला नाही, त्या माणसाला आपण नेमके कशासाठी औषध देत होतो, हा प्रश्न त्यांच्या मानगुटीवर बसला.

पुढच्या फेरीला त्यांनी चहा नाकारला आणि एक तिपाई मागितली. ती घेऊन ते मागच्या विभागात गेले. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःला एक नियम लावून घेतला. ज्याला शांतीची गोळी लिहायची, त्याच्यापाशी आधी तिपाईवर बसायचे. तपासायचे नाही, प्रश्नांचा भडिमार करायचा नाही, फक्त बसायचे आणि हा माणूस केव्हा, कशाने आणि कोणाकडे पाहून बिथरतो ते बघायचे. सेविकांना मोठी गंमत वाटली. "आले बघा तिपाईवाले," असे त्या एकमेकींना सांगत. त्यांच्यातली एक सर्वांत उंच होती, तिला सगळे उंच मावशी म्हणत. ती तोंडावर बोलणारी होती.

"डॉक्टर, बसायचंच असेल तर हातात वाटी-चमचा घेऊन बसा. तेवढंच एकाचं जेवण भरवून होईल."

"द्या," डॉक्टर म्हणाले. तिने खरोखरच वाटी दिली. तेव्हापासून उंच मावशीने त्यांची थट्टा सोडली नाही, पण त्यांची बाजूही सोडली नाही.

अशा बसण्यातून त्यांना रंगारीदादांचे दुखणे कळले. रंगारीदादा घरे रंगवीत असत आणि आता दिवस मावळला की मोठ्याने ओरडत. सगळ्यांची समजूत होती की डोके गेल्यामुळे ओरडतात. डॉक्टरांनी पाहिले की संध्याकाळी सेविका त्यांना उजव्या कुशीवर वळवतात आणि तेव्हाच ते किंचाळतात. आयुष्यभर छताला रंग देऊन झिजलेला तो खांदा होता. डॉक्टरांनी दुखण्याचे साधे औषध सुरू केले, कूस बदलायला सांगितली आणि शांतीची गोळी हळूहळू कमी करीत बंद केली. ओरडणे पुष्कळ कमी झाले, अगदी थांबले मात्र नाही. एके दिवशी लेक भेटायला आली तेव्हा दादांनी मान वर केली आणि म्हणाले, "चिमणे, हात पुसून बस. रंग ओला आहे."

ती लेक संसारी बाई, स्वतःच्या मुलांची लग्ने केलेली. ती तिथेच भिंतीला टेकून रडली. नंतर डॉक्टरांना म्हणाली, "मला वाटलं होतं, ते आतून केव्हाच संपलेत."

माझ्या जाऊबाईंची खोली दादांच्या शेजारी होती, आणि तिथेच खरी अडचण होती. भिंतीपलीकडून ओरडणे ऐकू आले की जाऊबाईंना वाटे, कोणी बाई अडली आहे. झाले, त्या उठत. बाह्या वर सरकवत, दादांच्या खोलीत शिरत, पांघरूण दूर करीत आणि त्यांच्या पोटावर हात ठेवून बघत. दादा आणखी ओरडत. मग जाऊबाई आणखी कामाला लागत. सेविका ओढायला आल्या की त्यांना ढकलत. पूर्वी हे फार झाले होते. लेकीने तक्रार केली होती की परक्या म्हाताऱ्या बाईने माझ्या वडिलांचे पांघरूण का काढावे. तेव्हापासून जाऊबाईंची गोळी दुप्पट झाली होती, आणि मी जाई तेव्हा त्या खुर्चीत झुकलेल्या असत, ओठांच्या कडेला लाळ, डोळे अर्धे मिटलेले. मी घरून निघताना पुष्कळ बोलायचे ठरवून येई आणि न बोलता परत जाई.

विभागातल्या आणखी काहींची गोळी उतरवल्यावर डॉक्टरांनी जाऊबाईंचीही उतरवायला घेतली. मेट्रनबाई म्हणाल्या, "डॉक्टर, रंगारीदादांचं एक वेळ चालेल, ते खाटेवरच असतात. या बाई चालत्या-फिरत्या आहेत. माझ्या हाताशी संध्याकाळी दोन बायका असतात, आणि विभाग तर भरलेला. मी कोणाकोणाच्या मागे धावू?"

"थोडे दिवस बघू."

"मला वरच्या मंडळींनी काय बजावलंय ते सांगते. तुमचा प्रयोग या एका विभागात चालू द्या म्हणालेत. पण कोणाला काही झालं, तर सगळ्यांच्या गोळ्या पूर्वीसारख्या सुरू. एकट्या बाईंची नाही, सगळ्यांची. नंतर मला बोल लावू नका."

डॉक्टरांनी मान्य केले. त्या दिवसापासून त्यांचा जीव टांगणीला लागला. विभागातली जी माणसे जागी झाली होती, त्या सर्वांचे जागेपण आता माझ्या जाऊबाईंच्या पावलांवर अवलंबून होते.

जाऊबाई जाग्या झाल्या त्या पहिल्याच दिवशी त्यांनी डॉक्टरांना झापले. ते तिपाई घेऊन बसले होते.

"तू इथे काय करतोस रे? पुरुषमाणसाचं काय काम आत? बाहेर थांब."

"मी डॉक्टर आहे, बाई."

"सगळे असंच काहीतरी सांगतात. घाबरलास ना? पहिलटकरीण आहे का तुझी? जा, पाणी तापत ठेव आणि दाराशी येरझाऱ्या घाल. तेवढंच जमतं तुम्हाला."

उंच मावशी दारात पोट धरून हसली. डॉक्टर निमूट उठून बाहेर गेले आणि खरोखरच येरझाऱ्या घालू लागले, कारण त्यांना पुढे काय होते ते पाहायचे होते. दादा ओरडले. जाऊबाई ताडकन उठल्या. तेव्हा डॉक्टर आत येऊन म्हणाले, "बाई, सुटका झाली. दोघं सुखरूप आहेत."

जाऊबाई थबकल्या. "काय झालं? मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"रडली का?"

"मोठ्याने रडली."

"मग बस झालं," जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, नखे घासली, आणि येऊन खाटेवर स्वस्थ बसल्या. चेहऱ्यावर असे समाधान होते की डॉक्टरांना स्वतःच्या इतक्या वर्षांच्या कामात तसे कधी लाभले नव्हते, असे ते मला म्हणाले.

हीच पद्धत ठरली. दादांचा आवाज आला की जी सेविका जवळ असेल तिने लगेच जाऊन सांगायचे की सुटका झाली, मूल रडले, आणि हात धुवायला मोरीचा दिवा लावून द्यायचा. डॉक्टरांनी प्रत्येकीकडून ते म्हणवून घेतले. काही जणी लाजल्या. उंच मावशी म्हणे, "आज माझ्या पाळीत तीन मुली आणि एक जुळं झालं, डॉक्टर. गावाची वस्ती वाढवतेय मी." जाऊबाई मला ओळखू लागल्या असे मी म्हणणार नाही. मला त्या कोणा बाळंतिणीची सासू समजत. परंतु त्या माझ्याकडे बघून बोलत होत्या, जेवत होत्या, वेणी घालून घेत होत्या. डॉक्टर फेरीहून घरी गेले की त्यांच्या पत्नीला ते चेहऱ्यावरून कळे. "आज किती बाळंतपणं?" असे ती विचारी.

हे असे एक हिवाळाभर चालले. मेट्रनबाईसुद्धा एकदा म्हणाल्या, "विभागात आवाज वाढलाय, पण निदान माणसांचा आहे."

मग एका संध्याकाळी उंच मावशी तापाने आजारी पडली. तिच्या जागी पुढच्या विभागातली एक सेविका पाठवली गेली. ती चांगली, नेकीची बाई होती. तिला कोणी काही सांगितले नव्हते, किंवा सांगितले असेल तर घाईत सांगितले असेल. दादा ओरडले. जाऊबाई उठून दाराशी आल्या आणि त्यांनी विचारले, "किती वेळ अडली आहे?"

"कोण अडली? इथे कुणी अडलेलं नाही, आजी. बाळबीळ काही नाही. जाऊन पडा बरं."

"अजून काही नाही?"

"नाही, काही नाही. चला." सेविकेने त्यांना दंडाला धरून खाटेवर बसवले, दार ओढून घेतले आणि दुसरीकडे कोणाचे तरी कपडे भिजले होते तिकडे गेली. ती खोटे बोलली नाही. म्हाताऱ्या माणसाशी खोटे बोलू नये, एवढेच तिला ठाऊक होते.

परंतु बाई अडली आहे आणि जवळ कोणी नाही, असे कळल्यावर जाऊबाई पडून राहणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या दादांच्या खोलीत गेल्या. मूल लवकर खाली यावे म्हणून बाईला उठवून चालवायचे, हे त्यांच्या हातांना पाठ होते. त्यांनी दादांच्या काखेत हात घातला, पाठीला आधार दिला, आणि दुखऱ्या खांद्याला धक्का न लावता त्यांना उठवून बसवले. बाजूच्या खाटेवरच्या आजोबांनी हे पाहिले आणि त्यांना जेवढे सांगता आले तेवढे नंतर सांगितले. जाऊबाई म्हणत होत्या, "ऊठ बाळा. दोन पावलं टाक. मी धरलंय." दादांच्याने कित्येक महिने उभे राहवत नव्हते. त्या संध्याकाळी ते उभे राहिले. त्यांनी एक पाऊल टाकले असावे. मग दोघेही खाली आले.

सेविका धावत आली तेव्हा दादा जमिनीवर होते, पाय वाकडा झाला होता, आणि जाऊबाई त्यांच्याजवळ बसून कपाळावरून हात फिरवीत होत्या. "झालंच आता. एवढं सोस," असे सांगत होत्या. त्यांना स्वतःला मनगट मुरगळण्यापलीकडे काही झाले नव्हते.

खुब्याचे हाड मोडले होते. दादांना मोठ्या इस्पितळात नेले. तिथे शस्त्रक्रिया झाली, नंतर छातीत कफ झाला, आणि ते परत आले नाहीत.

त्यांची लेक डॉक्टरांच्या दवाखान्यात आली. लांब बाकावर तिचा नंबर येईपर्यंत ती बसली. आत आल्यावर डॉक्टर उभे राहिले.

"बसा ना," ते म्हणाले.

"बसायला नाही आले. एक विचारते. गोळी चालू असती, तर ते उठले असते का?"

"नाही."

"म्हणजे आज असते."

डॉक्टरांना पुष्कळ सांगता आले असते. त्या गोळ्यांनीही माणसे पडतात, त्यांनीही छातीत कफ होतो, त्यांनीही आयुष्य कमी होते, हे सगळे त्यांना तोंडपाठ होते आणि ते खरेही होते. परंतु समोर बाप गेलेली मुलगी उभी होती. "कदाचित असते," ते म्हणाले.

"तुम्ही त्यांना जागं केलंत. मी तुमच्या पाया पडायची बाकी होते, आठवतंय? आता मला असं झालंय की एकदाच 'चिमणे' म्हणायला लावलंत, आणि त्याच्या बदल्यात नेलंत." मग तिचा आवाज उतरला. "त्या बाईंवर माझा राग नाही. त्यांना काय कळतंय. राग तुमच्यावर आहे. तुम्हाला कळत होतं."

ती गेल्यावर डॉक्टरांनी बाकावरच्या लोकांना उद्या यायला सांगितले आणि जिना चढून वर गेले. पत्नीने त्या दिवशी काही विचारले नाही.

वरच्या मंडळींचा निरोप आला. मागच्या विभागातल्या सगळ्यांची गोळी पूर्वीप्रमाणे सुरू करावी. डॉक्टर मेट्रनबाईंसमोर हटून बसले. "अहो, चूक औषध थांबवल्याची नव्हती. एका बाईला दोन वाक्यं सांगायची राहिली, ही चूक होती. माणसं वाढवून मागा."

"मागितली. दर वर्षी मागते." मेट्रनबाईंचे डोळे लाल होते. "मला काय हौस आहे? तुम्ही येता, बसता, छान वाटतं. तुम्ही गेल्यावर संध्याकाळ मला काढायची असते. माझ्याकडे सुटका झाली म्हणून सांगायला माणूस नाही, डॉक्टर. गोळी आहे."

"आणि मी नाही लिहून दिली तर?"

"तर दुसरे डॉक्टर बोलावतील. ते टेबलाशी उभे राहून लिहितील. डोस काय लिहितील, ते तुम्ही जाणता."

डॉक्टर जाणत होते, कारण एके काळी ते स्वतः तसेच लिहीत असत. त्यांनी तिपाई घेतली आणि विभागात जाऊन एकेकापाशी बसले. दिवस मावळेपर्यंत बसले. मग प्रत्येकाला जेवढी कमीत कमी लिहिता येईल तेवढी गोळी लिहिली. माझ्या जाऊबाईंना कमी देऊन भागेना, त्या चालत्या होत्या, म्हणून त्यांना पूर्वीएवढीच द्यावी लागली. तो कागद डॉक्टरांच्या हाताचा आहे. दुसऱ्या कोणी लिहिला असता तर बरे झाले असते का, असे मी त्यांना एकदा विचारले. "मला बरं झालं असतं," ते म्हणाले.

त्यानंतर हळूहळू जाऊबाईंची बोटे ताठ झाली. घास तोंडात तसाच राहू लागला. दादांच्या खोलीत नवे गृहस्थ आले, तेही संध्याकाळी ओरडत, पण भिंतीच्या अलीकडे कोणी उठत नसे. डॉक्टर तिपाईवर बसत तेव्हा त्यांना बाहेर हाकलणारे कोणी नव्हते. उंच मावशी बरी होऊन परतली आणि पुढच्या विभागात बदली मागून गेली. "तिकडे निदान थट्टा कळते माणसांना," असे तिने सांगितले, आणि सांगताना ती हसली नाही.

डॉक्टर इतर निवासांतही गेले. त्यांनी सर्वत्र समजावले की आधी दुखणे शोधा, मग गोळी द्या. सगळीकडे त्यांना आदराने बसवले, चहा दिला आणि माणसे कमी आहेत म्हणून सांगितले. एका ठिकाणी त्यांच्या बोलण्यावर टाळ्याही वाजल्या. बाहेर पडताना त्यांनी दारातून मागे वळून पाहिले, तेव्हा खुर्च्यांत ओळीने माना खाली पडलेल्या होत्या. आता त्यांचेही गुडघे दुखतात आणि तिपाईवरून उठताना भिंतीचा आधार लागतो. आपल्या हातून या कामात काही झाले, असे त्यांना वाटत नाही. मलाही त्यांची समजूत घालता आलेली नाही, कारण मी जे पाहते तेच ते पाहतात.

मी नेहमी संध्याकाळी जात असे, घरचे काम उरकल्यावर. एकदा डॉक्टर निघता निघता माझ्यापाशी थांबले. जाऊबाई खुर्चीत झोपलेल्या होत्या आणि मी त्यांचा ताठ हात हातात घेऊन बसले होते.

"एक सांगू का, ताई? जमलं तर सकाळी येत जा. दुपारची गोळी देण्याच्या आधी थोडा वेळ त्यांचे डोळे उघडे असतात. मी आठवड्यातून एकच दिवस सकाळपासून येऊन बसतो. बाकीच्या दिवशी तेव्हा तिथे कोणीच नसतं."